बी उगवलं नाही तर आधी माती उकरा: ताणाखालची उगवण आणि रोपांची पहिली वाढ, गोव्याच्या शेतांसाठी

भाताचा तरवा (लावणीसाठी वाफ्यात वाढवलेली रोपं) विरळ आला, अळसांद्याच्या (चवळीच्या) ओळीत हातहात रिकामी जागा राहिली, मिरचीच्या वाफ्यात पंधरा दिवसांनीही काही दिसेना, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: बियाणं खराब निघालं. कधीकधी ते खरंही असतं. पण पिशवीवर छापलेली उगवणशक्ती प्रयोगशाळेत, ओल्या कागदावर, योग्य तापमानात मोजलेली असते. शेतात त्याच बियाला मीठ, तुंबलेलं पाणी, कोरडा खंड, तापलेली माती किंवा वरचा कडक पापुद्रा यांपैकी काहीतरी सोसावं लागतं. त्यामुळे ८० टक्क्यांचं बी शेतात ४० टक्केच वर येऊ शकतं, आणि त्यात विक्रेत्याचा दोष असेलच असं नाही.

बहुतेकांचं गणित चुकतं ते क्रमात. बी आणलं, पाऊस आला, पेरलं, आणि बिघडल्यावर तपासणी सुरू केली. क्रम उलटा हवा: आधी बी मोजा, मग जमीन आणि पाणी मोजा, मग बी तयार करा, आणि शेवटी दिवस ठरवा.

## बियाच्या आत काय चाललेलं असतं

हे थोडक्यात पण नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या सूचना यावरच उभ्या आहेत.

पहिल्या दिवसभरात बी पाणी शोषून फुगतं. मेलेलं बीसुद्धा फुगतं, म्हणून फुगणं हा जिवंतपणाचा पुरावा नव्हे. त्यानंतर श्वसन वेगाने सुरू होतं आणि बियाला प्राणवायू लागतो. मग मूळ आणि कोंब बाहेर पडतात. शेवटी बियातला साठा संपत जातो आणि रोप स्वतःच्या पानांवर उभं राहतं; भातात ही वेळ साधारण तिसऱ्या पानाच्या आसपास येते.

फुगलेलं पण मूळ न फुटलेलं बी पुन्हा सुकलं तरी बहुतेकदा वाचतं. मूळ बाहेर आल्यावर सुकलं तर मरतं. म्हणजे पेरणीनंतर दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला तर नुकसान कमी, चौथ्या-पाचव्या दिवशी थांबला तर जास्त.

दुसरी गोष्ट खाजनवाल्यांसाठी, म्हणजे खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीत भात करणाऱ्यांसाठी. भाताचं बी बऱ्यापैकी खाऱ्या पाण्यातही मोड काढतं, पण दोन-तीन पानांचं रोप त्याच पाण्यात जळतं. मोड दिसले म्हणून जमीन गोडी झाली असं समजणं ही खाजनातली सर्वांत महाग चूक आहे.

## टप्पा १: बी मोजा (पेरणीच्या किमान ३ आठवडे आधी)

पिशवीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून मूठमूठ बी घ्या, एकत्र करा आणि न निवडता १०० दाणे मोजा. भरलेले, टपोरे दाणे वेचून चाचणी करायची आणि मग सगळं बी पेरायचं, हे स्वतःलाच फसवणं झालं. शक्य असेल तर २०० दाणे घ्या आणि ५०-५० दाण्यांचे चार गट करा. चार गटांत फार फरक पडला तर चाचणीतच काही चुकलं आहे हे कळतं.

जाड सुती फडकं किंवा टिश्यूचे दोन-तीन थर ओले करून पिळा. बोटाने दाबल्यावर बोट ओलं व्हावं, पाणी ओघळू नये. दाणे एकमेकांना न लागता मांडा, गुंडाळी करा आणि ती सैल पिशवीत उभी ठेवा. रोज उघडून हवा द्या.

मोजणीचे दिवस असे: भात ५व्या आणि १४व्या दिवशी, अळसांदे ५व्या आणि ८व्या, भुईमूग ५व्या आणि १०व्या, मिरची ७व्या आणि १४व्या दिवशी. पहिल्या मोजणीचा आकडा जोम सांगतो. शेवटी ८५ टक्के उगवलेलं, पण ५व्या दिवशी निम्मंच आलेलं भात ताणात मागे पडणार हे धरून चाला.

फक्त निरोगी रोपं मोजा. कोंब आहे पण मूळ नाही, मूळ खुंटलेलं आहे, पिळवटलेलं आहे, अशी रोपं ‘उगवली’ या खात्यात धरू नका. प्रमाणित बियाण्यासाठी भारतात किमान उगवण भाताला ८० टक्के, चवळीवर्गाला ७५, भुईमुगाला ७०, भेंडीला ६५ आणि मिरचीला ६० टक्के ठरवलेली आहे. मिरचीचं बी मुळातच कमी उगवतं, त्यामुळे ६५ टक्के पाहून घाबरू नका. भात ६५ आलं तर मात्र बी बदला. दर वाढवून ते भागवता येत नाही, कारण अशा बियाची जी रोपं येतात तीही अशक्त असतात.

तपासा: शेवटच्या मोजणीनंतर न उगवलेले दाणे चिमटीत दाबा. मऊ होऊन फुटले तर मेलेले. टणक आणि ताजे राहिले तर बी सुप्त असू शकतं. नुकत्याच निघालेल्या वायंगणाच्या (हिवाळी) भाताचं बी लगेच सरद (पावसाळी) हंगामात वापरताना हे हमखास दिसतं. तेच बी काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

साठवणीबद्दल एकच सूचना. पावसाळ्यात गोव्याची हवा इतकी दमट असते की उघड्या पोत्यातलं भात ओलावा ओढून १३ टक्क्यांच्या सुरक्षित मर्यादेबाहेर जातं. बी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमधून काढलेली भाजीच्या बियांची पाकिटं खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

## टप्पा २: जमीन आणि पाणी मोजा

खाजन, खेर (मधल्या पातळीची) आणि मोरड (उंचावरची) या तिन्ही जमिनींचा मुख्य ताण वेगळा आहे. खाजनात मीठ, खेरात पाणी साचणं, मोरडात ओल लवकर उडणं आणि पापुद्रा. शेजाऱ्याने खेरात केलेला उपाय मोरडात उचलून नेऊ नका.

मीठ. खिशातला ईसी मीटर (विजेच्या वहनावरून खारटपणा मोजणारा) घ्या किंवा नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती चाचणी प्रयोगशाळेत द्या. मीटर घेतला तर एकक आधी बघा. १००० मायक्रोसायमन प्रति सेंटीमीटर म्हणजे १ डेसिसायमन प्रति मीटर. ‘३२००’ वाचून घाबरणारे आणि ‘३.२’ वाचून निर्धास्त होणारे दोघेही एकच आकडा बघत असतात. समुद्राचं पाणी साधारण ५० डेसिसायमनचं असतं, त्यावरून अंदाज बांधा.

मातीच्या संपृक्त अर्कात (माती पाण्याने पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्यात) भाताचं उत्पादन सुमारे ३ डेसिसायमननंतर घटू लागतं. भुईमुगाला ही मर्यादा ३.२ च्या आसपास आहे, चवळीला ४.९, मिरचीला मात्र १.५ आणि कांद्याला जेमतेम १.२. म्हणून खाजनाच्या बांधालगत अळसांदे निभावतात आणि मिरची नाही. एक भाग माती आणि दोन भाग पाणी ढवळून घेतलेलं वाचन या आकड्यांशी थेट ताडून पाहू नका. त्या पद्धतीत पाणी जास्त असल्याने आकडा बराच कमी येतो. अहवालात पद्धत लिहिलेली असते, ती वाचा.

नमुना एकाच जागेचा नको. मीठ शेतात सारखं पसरत नाही. जो भाग उंच आणि लवकर सुकणारा, तिथे ते वर येऊन साचतं. बांधाजवळून, मधून आणि मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) बाजूने वेगवेगळे नमुने घ्या.

निचरा. वीतभर खोल खड्डा काढा, काठोकाठ पाणी भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनंतरही तसंच उभं असेल तर तिथे भाताशिवाय दुसरं काही सपाट वाफ्यात पेरू नका.

कडकपणा. ओल्या जमिनीत जाड तार किंवा सळई हाताने दाबा. सात-आठ इंचांवर अचानक अडली तर पॉवर टिलरच्या वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांनी खाली थर बसला आहे. मुळं तिथे अडतात, आणि वर पाणीही तिथेच तुंबतं.

पापुद्रा. ताटलीत शेताची भुसभुशीत माती भरा, उंचावरून झारीने पाणी मारा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. वर कवच धरून तडे गेले तर शेतातही तेच होणार. जांभ्याच्या ज्या मातीत शेणखत कमी पडलं आहे आणि जी रोटाव्हेटरने पिठासारखी केली आहे, तिथे हे हमखास होतं. ‘माती जितकी बारीक तितकी उगवण चांगली’ हा समज गोव्याच्या पावसात चालत नाही.

## टप्पा ३: तुमचं बी, तुमची माती, तुमचं पाणी

ही चाचणी बहुतेक लोक करत नाहीत, आणि खरी माहिती इथेच मिळते. त्यामुळे जरा वेळ द्या.

दोन पसरट ट्रे घ्या. एकात नदीची धुतलेली वाळू, दुसऱ्यात तुमच्या शेताची माती. दोन्हींत त्याच बियाचे १००-१०० दाणे, पेरणार तेवढ्याच खोलीवर. वाळूला गोडं पाणी, मातीला शेतातलं किंवा सिंचनाचं पाणी. दोन्ही ट्रेंना तळाशी छिद्रं हवीत. वाळूत ८५ आणि मातीत ५५ आली तर बी ठीक, जमीन अडवते आहे. दोन्हीकडे ५५ आली तर बियाकडे बघा.

खाजनासाठी आणखी एक पायरी. पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. १ लिटरमध्ये २ ग्रॅम मीठ घातलं की साधारण ४ डेसिसायमन, ४ ग्रॅम घातलं की साधारण साडेसात. साधं पाणी, २ ग्रॅम आणि ४ ग्रॅम असे तीन गट करा. मिठाचा तोल किचनच्या अंदाजाने नको, ग्रॅमच्या काट्यावर करा. फडकं सुकलं की त्यावर मिठाचं पाणी पुन्हा शिंपडू नका. पाणी उडतं पण मीठ तिथेच राहतं, आणि चार दिवसांत ४ डेसिसायमनचे ८ होतात. सुरुवातीपासून झाकण घट्ट ठेवा आणि ओल कमी पडली तर साधं पाणी घाला.

इथे फक्त किती उगवले ते मोजू नका. १०व्या दिवशी प्रत्येक गटातली १० रोपं काढून मुळाची लांबी मोजा. मीठ आधी मूळ आखडतं. साध्या पाण्यातल्या मुळाच्या निम्म्याहून लांबी कमी भरली तर त्या वाणावर त्या पाण्यात भरवसा ठेवू नका.

कोरगूट आणि आसगो ही खाजनातली जुनी वाणं. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवडून काढलेली गोवा धान १ आणि गोवा धान २ हीदेखील खारपड जमिनीसाठीच आहेत. ज्योती किंवा जया ही भाताची नेहमीची वाणं ज्या चाचणीत मान टाकतात, तिथे ही टिकतात का, हे तुमच्याच पाण्यावर पाहता येतं. पण सहनशील वाणालाही मर्यादा आहे. बांध फुटून भरतीचं पाणी आत आलेल्या शेताला वाण बदलून काही होत नाही.

दर काढा: नेहमीचा दर ८० टक्के उगवण धरून एका क्षेत्राला ४० किलो असेल आणि तुमच्या मातीत ६० टक्केच उगवलं, तर ४० गुणिले ८० भागिले ६०, म्हणजे सुमारे ५३ किलो. ही वाढ बी चांगलं आणि ताण सौम्य असेल तेव्हाचीच.

## टप्पा ४: बी तयार करा

भात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. बी ओता, जोराने ढवळा, तरंगलेलं काढून टाका. कुसळ असलेल्या स्थानिक वाणांत हवा अडकून चांगले दाणेही वर राहतात, म्हणून दोन-तीनदा ढवळल्याशिवाय तरंगलेलं फेकू नका. हे काम काही मिनिटांचं आहे. बी मिठात टाकून जेवायला गेलात तर मीठ आत शिरतं. तळाचं बी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा.

मग २४ तास गोड्या पाण्यात भिजवा आणि निम्म्या वेळेला पाणी बदला. न बदललेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि आंबूस वास येतो. तो वास म्हणजे बी गुदमरल्याची पहिली खूण. पाणी निथळून गोणपाटात २४ ते ३६ तास दडपा. ढीग फूटभरापेक्षा उंच नको. मोड येताना ढिगात उष्णता तयार होते, म्हणून मधोमध हात घालून बघत राहा. हाताला चटका वाटला तर लगेच पसरा, वरखाली करा, पाणी शिंपडा. ढीग ४० अंशांच्या वर गेला की मधले मोड शिजतात, आणि बाहेरचे छान दिसत असल्यामुळे ते लक्षात येत नाही.

मोड १ ते २ मिलिमीटर झाले की पेरा. ‘उद्या पेरू’ म्हणून ठेवलेले बोटभर मोड फोकताना (हाताने विखरून पेरताना) तुटतात.

वायंगणात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री, विशेषतः सत्तरी आणि काणकोणच्या आतल्या भागात, हेच काम सावकाश होतं. तिथे घड्याळ बघू नका, मोड बघा. ढीग गोणपाटाने नीट झाका आणि कोमट पाणी शिंपडा.

कोरड्या पेरणीचं भात. १२ ते १८ तास भिजवा, मूळ फुटायच्या आत काढा आणि सावलीत पुन्हा आधीच्या वजनावर येईपर्यंत सुकवा. भिजवण्याआधी वजन करून ठेवलं नसेल तर ‘सुकलं’ हा निव्वळ अंदाज ठरतो. असं बी ओल मिळताच लवकर आणि एकसारखं उगवतं, पण ते टिकत नाही. काही दिवसांतच पेरा.

अळसांदे, मूग, उडीद. इथे भाताचा नियम लावू नका. फार कोरडं कडधान्य थेट पाण्यात टाकलं की पाणी वेगाने शिरतं, आतल्या पेशी फाटतात, डाळी तडकतात. रात्रभर ओलसर फडक्यात गुंडाळून ओल हळूहळू चढू द्या. बादलीत रात्रभर बुडवलेले अळसांदे उसळीला ठीक, पेरायला नाहीत. भुईमूग भिजवूच नका. त्याची तांबडी साल सुटली की बी कुजतं. शेंगाही पेरणीच्या जवळच फोडा.

भेंडी. साल जाड असते, त्यामुळे रात्रभर भिजवली तर चालते.

बीजप्रक्रियेचा क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियमसारखं जिवाणू खत, १० किलो बियाला २५० ग्रॅम. उलट केलं तर जिवाणू मरतात आणि पैसे वाया जातात.

## टप्पा ५: दिवस ठरवा

तारीख पाहून पेरू नका, जमीन पाहून पेरा.

मोरड. मे महिन्यातला वळीव हा सापळा आहे. वरची दोन बोटं माती भिजते, बी फुगतं, मूळ फुटतं आणि मग आठवडाभर ऊन. वीतभर खोलपर्यंत माती हातात वळते का ते उकरून पाहा. खाली कोरडी असेल तर थांबा. थांबता येत नसेल तर न भिजवलेलं बी पूर्ण कोरड्या मातीत पेरा, अर्धवट ओलीत नाही. कोरड्यातलं बी पावसाची वाट बघत टिकतं. अर्ध्या ओलीतलं मरतं.

खाजन. उन्हाळाभर खालचं खारं पाणी वर चढून मीठ पृष्ठभागावर आलेलं असतं. पहिल्या पावसाने ते विरघळतं, पण शेताबाहेर जात नाही. पाणी भरा, एक-दोन दिवस साठू द्या, ओहोटीला मानशीतून सोडा. हे दोन-तीनदा करा आणि दर वेळी सोडताना ईसी मोजा. नुसता पाऊस जिरू दिला तर मीठ खाली जातं आणि पुढच्या उघडिपीत परत वर येतं. साठलेल्या पाण्याचं वाचन सलग दोन-तीन वेळा ३ ते ४ च्या खाली आल्यावरच मोडाचं बी फोका.

त्याआधी मानस तपासा. दार भरतीला पूर्ण बंद होतं का, कडेला फट आहे का, हे भरती-ओहोटी असताना उभं राहून बघावं लागतं. गळक्या मानशीमागे धुतलेलं शेत एका मोठ्या भरतीत परत खारट होतं. लावणीच करणार असाल तर तरवा खाजनात पेरूच नका. तो गोड्या जमिनीवर करा.

खेर. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी चर काढून पूर्ण करा. पेरल्यानंतर चर काढणं म्हणजे गाळ बियावर ओढणं.

उन्हाळी भाजी. मार्च ते मे दुपारी उघड्या, कोरड्या मातीचा वरचा थर ५० अंशांच्या पुढे जातो. कोवळ्या खोडाला मातीच्या पातळीवर भाजल्याचा कडा पडतो आणि रोप आडवं होतं. लोक ‘मर’ समजून औषध मारतात. पेरणी संध्याकाळी करा.

## टप्पा ६: वाफा आणि खोली

तरव्याचा वाफा सव्वा मीटर रुंद, चार ते सहा इंच उंच, दोन वाफ्यांमध्ये चर. १ हेक्टर लावणीला साधारण १० गुंठे रोपवाटिका, गुंठ्याला ३ ते ४ किलो बी. दाट पेरून रोपं वाचवू असं वाटतं, पण दाट तरवा उजेडासाठी लांब, पिवळा आणि मऊ होतो आणि लावणीनंतर पहिल्याच ताणात बसतो.

खोली: तांबड्या भाजीला (लाल माठाला) अर्धा ते १ सेंटीमीटर, बी चौपट वाळूत मिसळून. मिरची-वांग्याला तेवढीच. भेंडीला २ ते ३, कोरड्या भाताला २ ते ३, अळसांद्याला ३ ते ४, भुईमुगाला ४ ते ५ सेंटीमीटर. मोडाचं भात चिखलावर ठेवल्यासारखं हवं, पुरलेलं नको. चिखलणीनंतर गाळ बसायला किमान काही तास द्या, नाहीतर बी बुडून जातं.

लहान बियांवर बारीक मातीऐवजी चाळलेलं शेणखत आणि वाळू यांचा थर द्या. त्याला पापुद्रा धरत नाही. जिथे मीठ आहे आणि सरीवर लागवड करायची आहे, तिथे बी सरीच्या माथ्यावर लावू नका. माथा आधी सुकतो आणि सगळं मीठ तिथे गोळा होतं. उताराच्या मध्यावर लावा.

इशारा: काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाळी खोला मिरचीची रोपं करताना वाफा उताराला आडवा आणि वर पाणी वळवणारा चर हवाच. नाहीतर पहिल्या झोडपणीत बी एका कोपऱ्यात गोळा होतं.

## टप्पा ७: पहिले दहा दिवस

भात. मोडाचं बी पेरल्यावर पहिले ५ ते ७ दिवस वाफ्यावर पाणी उभं ठेवू नका, चरात ठेवा. पाण्याखाली प्राणवायू नसतो. भात तिथेही कोंब लांबवतं, पण मूळ धरत नाही. वरून हिरवं-पांढरं टोक दिसतं, म्हणून शेतकरी समाधानी होतो, आणि पाणी उतरल्यावर रोपं तरंगत निघून जातात. मूळ रुतलं की २ ते ३ सेंटीमीटर पाणी ठेवा. जोराचा पाऊस येणार असेल तेव्हा मात्र तासाभरापुरता पातळ थर ठेवला तर थेंबांच्या माऱ्याने बी उघडं पडत नाही. पाऊस थांबला की सोडा.

कडधान्य आणि भाज्या. एक-दोन दिवस पाणी तुंबलं तरी बी कुजतं. पाऊस थांबल्यावर आधी चरातला गाळ काढा, बाकी कामं नंतर.

पापुद्रा. धरला असेल तर तो पूर्ण सुकण्याआधी झारीने हलकं पाणी द्या, किंवा दाताळ्याने अगदी वरवर मोडा. अळसांद्याचा आकड्यासारखा वाकलेला कोंब वर येताना कवच मोडायला गेलात तर मानच मोडते. तिथे फक्त पाणी.

उन्हाळा. पेंढ्याचं पातळ आच्छादन द्या आणि पहिली रोपं दिसताच, संध्याकाळी, काढा. दोन दिवस उशीर झाला की रोपं पांढरी आणि लांब होतात, मग उन्हात टिकत नाहीत. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपमधलं पहिलं पाणी वाफ्यावर सोडू नका. ते खरोखर भाजतं. ५० टक्के सावलीची जाळी लावली असेल तर एकदम काढू नका, रोज थोडा जास्त वेळ उघडी ठेवा.

तपासा: ७व्या दिवशी अर्धा मीटर गुणिले अर्धा मीटर चौकट पाच जागी टाकून रोपं मोजा. बांधावरून नजरेने केलेला अंदाज नेहमी जास्त निघतो.

## टप्पा ८: लावणीपर्यंत

गोड्या जमिनीत २१ ते २५ दिवसांचा तरवा चांगला. खारपड जमिनीत घाई करू नका: ३० ते ३५ दिवसांचं, जरा जून रोप मीठ जास्त सोसतं. एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) ३ ते ४ रोपं, अंतर थोडं कमी. कोवळी दोन रोपं लावून नंतर नांग्या भरणं (रिकाम्या जागी नवी रोपं लावणं) खाजनात जमत नाही, कारण नांगीत भरलेलं रोप पुन्हा त्याच मिठात पडतं.

तरवा काढण्याच्या आदल्या दिवशी वाफ्यात पाणी भरा. सुकलेल्या वाफ्यातून उपटलेल्या रोपाची बारीक मुळं तिथेच तुटून राहतात.

## उगवण फसली तर: उकरून वाचा

पाच-सहा जागी, बी सापडेपर्यंत उकरा.

बी कोरडं, टणक, न फुगलेलं: ओल पोचलीच नाही. फुगलेलं, मऊ, दुर्गंधीचं: पाणी तुंबून गुदमरलं किंवा बी आधीच मेलेलं होतं, ट्रेमधल्या वाळूचा निकाल आठवा. भाताचा कोंब लांब आणि मूळ नाही: पाण्याखाली प्राणवायू कमी. मूळ फुटून वाळलेलं: पावसात खंड. कोंब मातीखाली दुमडलेला, जाड झालेला: पापुद्रा किंवा जास्त खोली. मूळ आखूड, टोक तपकिरी, पानांची टोकं पांढरट-वाळकी: मीठ. मातीच्या पातळीवर खोडाला एका बाजूने भाजल्याचा डाग: ऊन. तोच भाग पाणचट आणि काळा: मर, म्हणजे बुरशी. बीच सापडत नाही: मुंग्या, पक्षी, किंवा वाहून गेलं.

दुबार पेरणी करायची तर कारण सापडल्यावरच. त्याच दिवशी, त्याच वाफ्यात, तेच पुन्हा पेरणं म्हणजे दुसरी पिशवी पहिलीच्या मागे टाकणं. चौकटीत निम्म्याहून जास्त आणि सारखी रोपं असतील तर विरळ जागी नांग्या भरा. निम्म्याहून कमी आणि चट्ट्याचट्ट्याने असतील तर मोडून पेरा. हा निर्णय दहाव्या दिवसाच्या पुढे ढकलू नका, नाहीतर दोन वयांची रोपं एकाच शेतात येतात आणि पाणी कुणाच्या मापाने द्यायचं हेच कळत नाही.

बियाण्याची पिशवी, तिच्यावरची खूणचिठ्ठी, पावती आणि न पेरलेलं थोडं बी हंगाम संपेपर्यंत कोरड्या डब्यात ठेवा. वाळूच्या ट्रेमध्येही उगवण कमी आली असेल तर विभागीय कृषी कार्यालयात तक्रार करताना या चारही गोष्टी मागितल्या जातात.